दूरस्थ व्याख्यानातील प्रश्नाचे स्थान

आंतरजालावरील अभ्यासक्रमाची आखणी करताना प्रथम चर्चा होते ती ध्वनिचित्रफितींची. फीत पाहताना विद्यार्थ्याने काय करावयाचे, हा विचार बहुधा शेवटी येतो. वस्तुतः आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

वर्गात अध्यापकास चेहरे दिसतात. मागील बाकावर कुणाच्या कपाळास आठी पडली की तो थांबतो, दुसरे उदाहरण देतो. मुद्रित व्याख्यानास आठी दिसत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, व्याख्यान जितके सुबोध तितका विषय समजल्याचा भास अधिक. आणि ऐकलेले ओळखीचे वाटणे व तेच स्वतः सांगता येणे यांत फार अंतर आहे.

या दृष्टीने श्पुनार, खान व शॅक्टर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग महत्त्वाचे आहेत. त्यांनी संख्याशास्त्रावरील २१ मिनिटांच्या मुद्रित व्याख्यानाचे चार भाग पाडले. ज्या गटास प्रत्येक भागानंतर प्रश्न सोडवावयास दिले, त्याचे चित्त कमी भरकटले, त्याने टिपणे अधिक घेतली आणि अखेरच्या परीक्षेची धास्तीही त्यास कमी वाटली. ज्यांना तेच प्रश्न उत्तरांसह नुसते वाचावयास दिले, त्यांना हा लाभ झाला नाही. म्हणजे गुण केवळ विरामाचा नव्हे; उत्तर आठवण्याच्या प्रयत्नाचा आहे.

२०१४ साली गुओ, किम व रुबिन यांनी सुमारे ६९ लाख दर्शनसत्रांची पाहणी करून सहा मिनिटांहून लहान फिती सुचविल्या. तिचा दाखला आता सर्वत्र दिला जातो. तथापि त्या पाहणीने मोजले ते प्रेक्षकाचे टिकून राहणे, शिकणे नव्हे.

प्रश्न कसा असावा, हे स्वनिमविचारातील एका उदाहरणावरून पाहता येईल. मराठीत 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहिताना एकच, उच्चारात भिन्न. दोन्ही उच्चार ऐकवून, येथे स्वनिम एक की दोन, ते कारणासह लिहावयास सांगावे. तोवर उत्तर झाकलेले ठेवावे. पुष्कळजण 'एक' म्हणतील, कारण अक्षर एकच दिसते. चूक झाल्यावर केवळ 'उत्तर चुकीचे' एवढे दाखविणे निरुपयोगी आहे. अक्षर व ध्वनी यांची गल्लत झाली, हे त्याच ठिकाणी सांगितले पाहिजे आणि दोन्ही उच्चार पुन्हा ऐकविले पाहिजेत. यास चलचित्राची मुळीच आवश्यकता नाही. दोन लहान ध्वनिखंड पुरतात, आणि ते क्षीण जोडणीवरही पोहोचतात.