पस्तीस अंशांपुढचा खेळ

प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात सुरक्षा-सूचनांची एक पुस्तिका असते. ती सहसा कुणी उघडत नाही. यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानातच वापरावं, असं तिच्यात लिहिलेलं आहे. निन्टेन्डो स्विचची अटही हीच, आणि आयफोन वापरण्यासाठी ॲपलनं सांगितलेली वरची मर्यादाही ३५ अंशच. आता अकोल्याचा मे महिना घ्या. कमाल तापमानाची सरासरीच ४२ च्या आसपास. मे २०२४ मध्ये पारा ४५.८ अंशांवर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनानं उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. शिवाय हा आकडा वेधशाळेच्या सावलीतल्या, हवेशीर पेटीतला. स्लॅबखालच्या खोलीतली भिंत रात्री अकरा वाजताही हाताला गरम लागते, तिथला पारा कुणी मोजत नाही. कंपन्यांचं अक्षरशः ऐकायचं म्हटलं, तर वऱ्हाडातल्या पोरांनी नेमकं उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळायचंच नाही.

पोरं अर्थातच खेळतात, आणि भांडतात त्याहून जास्त. अमरावतीत कठोरा नाक्याकडच्या चहाच्या टपरीवर इंजिनीअरिंगच्या पोरांजवळ थोडा वेळ उभं राहिलं की कानावर येतं, "काहून बे, एक्सबॉक्सचे बारा टेराफ्लॉप हायेत, तुह्या प्लेस्टेशनचे दहाच!" त्यावर दुसरा, "असू दे ना भौ, गेम तं आमच्याकडंच चांगले येते."

हे बारा आणि दहा येतात कुठून? एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या ग्राफिक्सच्या भागात गणितं करणारे ५२ गट आहेत. एका गटात ६४ गणकं. प्रत्येक गणक घड्याळाच्या एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे दोन क्रिया करतं. ठोके सेकंदाला १८२.५ कोटी. या चार आकड्यांचा गुणाकार करा, सुमारे १२.१५ लाख कोटी येतात. टेरा म्हणजेच लाख कोटी. प्लेस्टेशन ५ मध्ये गट ३६ च, पण ठोके २२३ कोटींपर्यंत, गुणाकार १०.२८. आकडे खोटे नाहीत. फक्त प्रत्येक गणकाला प्रत्येक ठोक्याला काम मिळालं, तरच ते खरे ठरतात. प्रत्यक्ष गेममध्ये यातली बरीच गणकं मेमरीकडून माहिती येण्याची वाट बघत बसलेली असतात.

त्यातही गंमत अशी की, दोन्ही यंत्रांचं काळीज एकाच घराण्यातलं. दोन्हींत एएमडीचे झेन २ जातीचे आठ कोअर, दोन्हींत आरडीएनए २ घराण्यातलं ग्राफिक्स, आणि दोन्ही चिप मुळात तैवानच्या टीएसएमसी कंपनीत ७ नॅनोमीटर प्रक्रियेनं बनलेल्या. दोन पिढ्यांआधीचं एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ यांचे मुख्य कोअरही आयबीएमच्या एकाच आराखड्यातून निघालेले होते. थोडक्यात, टपरीवर चालते ती भाऊबंदकी.

मला या वादात खरा रस वाटतो तो वेगळ्या जागी. प्लेस्टेशन ५ चे शिल्पकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये त्याची रचना समजावून सांगितली, तेव्हा 'वेग बदलता ठेवलाय म्हणजे यंत्र तापल्यावर मंद होणार' अशी ओरड झाली. सर्नींचं म्हणणं नेमकं उलटं होतं. चिपचा वेग तापमानाकडे पाहून ठरवलाच जात नाही. या क्षणी चिप कोणतं काम करते आहे आणि त्याला किती वीज लागेल, याचा हिशेब करून तो ठरतो. त्यामुळे ऑस्लोतलं आणि अकोल्यातलं प्लेस्टेशन एकाच दृश्याला एकाच वेगानं धावतं. फरक पडतो तो पंख्यात, कारण पंखा मात्र आतलं तापमान बघूनच फिरतो.

हा फरक किती, ते ढोबळमानानं मांडता येतं. समजा चिप ८० अंशांवर ठेवायची आहे. खोली २५ अंशांची असेल, तर उष्णतेला बाहेर ढकलायला ५५ अंशांचा उतार मिळतो. खोली ४२ अंशांची असेल, तर ३८ च. जड गेम चालू असताना यंत्र सुमारे २०० वॅट वीज खातं, आणि ती शेवटी सगळी उष्णताच होते. तीच उष्णता दोन-तृतीयांश उतारावरून बाहेर काढायची, म्हणजे हवा कितीतरी जास्त फिरवावी लागणार. मे महिन्यातल्या यंत्राचा घरघराट त्यातूनच येतो. वर सिलिकॉनचा आणखी एक स्वभाव आहे: ते जितकं तापेल तितकी त्यातून वीज जास्त गळते, आणि गळलेली वीज ते आणखी तापवते.

वेग वाढवला की उष्णता का वाढते, हेही इथंच सांगून टाकतो. चिपला लागणारी वीज ठोक्यांच्या वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही थोडं चढवावं लागतं. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम असा होता की, ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की व्होल्टेजही उतरतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत उष्णता तेवढीच राहते. साधारण २००५ च्या सुमारास ही सोय संपली. पेंटियम ४ हा ३८० कोटी ठोक्यांवर अडकला, आणि कंपन्या एकाच कोअरला पळवण्याऐवजी कोअरची संख्या वाढवू लागल्या. उष्णतेकडे काणाडोळा केल्याची किंमत मायक्रोसॉफ्टनं रोख मोजली. एक्सबॉक्स ३६० वारंवार तापून-निवून चिपखालचे सूक्ष्म जोड तडकत आणि यंत्रावर लाल दिवे लागत. २००७ मध्ये कंपनीनं वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

२०२१ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन ५ चा उष्णता उधळणारा धातूचा भाग हलका केला आणि नवा वाद पेटला. नव्या यंत्राच्या मागून निघणारी हवा जास्त गरम लागते, म्हणजे नवं यंत्र वाईट, असं काहींचं म्हणणं. पण मागची हवा किती गरम, यावरून चिप किती तापली हे कळत नाही. यंत्र एकसारखं चालत असताना जेवढी वीज आत जाते तेवढी उष्णता बाहेर पडतेच. हवा कमी फिरली तर ती जास्त गरम होऊन निघते, एवढंच. निकाल लावायचा तर आत सेन्सर ठेवावा लागतो, मागे तळहात धरून चालत नाही.

वऱ्हाडातला खरा कन्सोल मात्र मोबाइल आहे, आणि त्याला पंखाच नसतो. २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, २०२१ मध्ये बीजीएमआय आलं, आणि वाद स्नॅपड्रॅगन की डायमेन्सिटी यावर सरकला. इथं नावापेक्षा कारखाना बोलतो. २०२२ चा स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगनं बनवला, तो तापतो म्हणून बदनाम झाला. काही महिन्यांनी जवळपास तोच आराखडा ८ प्लस जेन १ या नावानं टीएसएमसीकडून बनून आला, आणि तो वीजही कमी खाऊ लागला, तापूही कमी लागला. तरी भर दुपारी दोघांचीही गत सारखीच. हाताला चटका बसू नये म्हणून फोन आपली पाठ चाळिशीच्या थोडंच वर जाऊ देतो. भोवतालची हवाच ४२ अंशांची असेल, तर ४३-४४ अंशांच्या पाठीनं उष्णता टाकायची कुठं? मग प्रोसेसर स्वतःहून मंदावतो, पडद्याचा उजेड उतरतो, आणि पोरगं नेटवर्कला शिव्या घालतं. चार्जिंगला लावून खेळणाऱ्याचं तर विचारूच नका.

म्हणून इथल्या गिऱ्हाइकानं टेराफ्लॉपपेक्षा एका वॅटमागे किती फ्रेम मिळतात ते विचारावं, असं माझं मत आहे. इंटेल-एएमडीच्या वादालाही तेच लागू. इंटेलचा १४९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत खातो. एएमडीचा ७८००एक्स३डी चिपवर कॅशचा जादा थर चढवून मेमरीची वाट बघणं कमी करतो आणि गेममध्ये त्याहून कितीतरी कमी विजेत भागवतो. वीज जेवढी कमी, तेवढं खोलीचं तापणंही कमी.

उरला कूलर. त्याच्या ओलाव्यानं कन्सोल खराब होतो, ही भीती घरोघरी आहे. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या बल्बचा पारा २३ च्या आसपास असतो. गवत नीट भिजलेला कूलर झोत २८-२९ अंशांपर्यंत आणतो. त्या हवेचा दवबिंदू साधारण २१. कन्सोलच्या आतली प्रत्येक वस्तू त्याहून गरम असते, मग तिच्यावर पाणी जमणार कसं? भीती बाळगायचीच तर ती उडणाऱ्या थेंबांची. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, थेंबाबरोबर जातात. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यावर कूलर चालवला की गवतावर पांढरी खपली धरते. तेच पाणी थेंबाथेंबानं पंख्याच्या पात्यांवर आणि धातूच्या पातळ पापुद्र्यांत वाळतं, वर काळ्या मातीची बारीक धूळ चिकटते, आणि हवेची वाट बुजते. तेव्हा कूलरचा झोत खोलीत सोडावा, यंत्राच्या तोंडावर नाही, आणि उन्हाळा लागण्याआधी मऊ, कोरडा ब्रश फिरवून घ्यावा. टेराफ्लॉपवर तासभर भांडणाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडून या ब्रशचं नाव मी अजून ऐकलेलं नाही.