अंकांची खूण आणि संख्या

पाटीवर लिहिलेला '७' ही केवळ खूण. सात गोट्या मोजून मनात ठसते ती संख्या. हा भेद आपण पहिलीच्या वर्गात शिकवतो. संगणकालाही तो पाळावा लागतो. पायथॉन या संगणकभाषेत कळफलकावरून आलेले '१२' व '८' प्रथम अक्षरमालाच मानले जातात. त्यांची बेरीज मागितल्यास त्या एकमेकींस जोडून '१२८' मिळते. 'इंट' या आज्ञेने दोहोंचे संख्येत रूपांतर केल्यावरच २० हे उत्तर येते. ही आज्ञा देवनागरी अंक ओळखते. 'बारा' असे अक्षरी लिहिल्यास मात्र चूक दाखवते.

उलटपक्षी, अंकांनी लिहिलेले सर्वच काही संख्या नसते. नवी मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२. त्याची संख्या केली की २२ उरते. एक्सेलच्या तक्त्यात बँकेच्या खातेक्रमांकाचे आरंभीचे शून्य असेच लोपते, आणि पंधराव्या अंकापुढील अंकांच्या जागी शून्ये येतात. अशाने एखाद्या गरजू विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडू शकते.

यास्तव तक्ता भरण्यापूर्वी शिक्षकांनी एक कसोटी लावावी : याची बेरीज करण्यात अर्थ आहे काय? गुण व उपस्थिती यांच्या बाबतीत आहे. त्या संख्या होत. वाशीचा पिनकोड ४००७०३ किंवा खातेक्रमांक यांच्या बाबतीत नाही. त्यांचे रकाने आधी 'टेक्स्ट' प्रकारचे करावेत व मगच भरावेत.