खुब्याचा सातबारा

श्रावणात यवतमाळकडच्या काळ्या वावरात निंदण चालतं, तेव्हा बायका ओळीने उकिडव्या बसून पुढे सरकत असतात. गुडघे छातीशी, खुबा पुरता दुमडलेला, हात तणाच्या मुळाशी. त्या ओळीत एखादी उभ्यानेच कंबरेत वाकून निंदताना दिसते. विचारलं तर म्हणते, "बसनं नाई होत जी. लहानपनी पायाचं आपरेशन झालतं." कशाचं, कोणत्या साली? "ते मायले ठाऊक होतं." माय गेली आणि माहितीही तिच्याबरोबर गेली. वावराचा सातबारा मात्र घरच्या पेटीत जपून ठेवलेला असतो.

लहान मुलांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियांचा आढावा या पेटीपासूनच सुरू करायला हवा. ऑपरेशन दोन-तीन तासांत उरकतं, पण त्याचा हिशेब पुढे चाळीस-पन्नास वर्षं चालतो.

वाटी आणि गोळा

खुब्याचा सांधा म्हणजे कंबरेच्या हाडातली वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. वाढत्या वयात ही दोघं एकमेकांना घडवतात. गोळा जागेवर असला तरच वाटी खोल होते आणि वाटी नीट असली तरच गोळा गोल राहतो. जन्मतः खुबा निखळलेला असो, पर्थीस आजारात गोळा ठिसूळ होऊन चेपो, की वयात येताना गोळा मांडीच्या हाडाच्या मानेवरून घसरो, शेवटी बिघडतो तो हाच मेळ.

निखळलेला किंवा उथळ खुबा मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. पहिलटकरणीचं बाळ, घरात आधी कुणाला असा त्रास आणि बाळ पायाकडून किंवा ढुंगणाकडून येणं, या आणखी जोखमीच्या खुणा. आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते असा समज आहे. पण त्या पायाळू बाळाचा स्वतःचा खुबा जन्मतःच तपासून घ्यावा, हे मात्र घरात कुणी सांगत नाही.

आजीच्या दोन सवयींचा इथे थेट संबंध येतो. न्हाऊ घातल्यावर पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधणं खुब्याला वाईट. बाळ थोडं मोठं झाल्यावर पाय फाकवून कडेवर घेणं मात्र उत्तम, कारण त्या बैठकीत गोळा वाटीत नेमका बसतो. जपानमध्ये १९७५ नंतर तान्ह्या बाळांचे पाय सरळ बांधू नका अशी मोहीम निघाली आणि निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. त्यासाठी कोणतंही यंत्र लागलं नाही.

वयाप्रमाणे वाढणारं ऑपरेशन

पहिल्या सहा महिन्यांत निदान झालं तर बहुतेकदा पाव्हलिकचे पट्टे पुरतात. पाय फाकवून, गुडघ्यात दुमडून धरणारे हे कापडी पट्टे अर्नोल्ड पाव्हलिक या चेक डॉक्टरांनी रूढ केले. त्यानंतर दीड वर्षापर्यंत भूल देऊन खुबा बसवणं आणि कंबरेपासून पायापर्यंत प्लास्टर. दीड वर्ष उलटलं की बहुधा सांधा उघडावाच लागतो. आणखी उशीर झाला तर मांडीचं हाड थोडं आखूड करावं लागतं, नाहीतर वर सरकलेला गोळा खाली आणताना त्यावर इतका दाब येतो की त्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो.

उथळ वाटीसाठी टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९५७ मध्ये पहिल्यांदा केलेलं ऑपरेशन आजही जगभर चालतं. वाटीच्या वर कंबरेचं हाड आडवं कापायचं. खालचा भाग वाटीसकट पुढे आणि बाहेर कलता करायचा, म्हणजे गोळ्यावर छप्पर येतं. उघडी पडलेली फट त्याच हाडाच्या वरच्या कडेतून काढलेल्या त्रिकोणी तुकड्याने भरायची. सुताराने पाचर मारावी तसं हे काम. मग दोन तारा, काही आठवड्यांचं प्लास्टर आणि पुढे तारा काढण्याचं छोटं ऑपरेशन. या प्लास्टरमधल्या मुलाला उचलणं, शी-शू सांभाळणं, पावसाळ्यात प्लास्टर कोरडं ठेवणं, या सगळ्यात आईची सगळी मजुरी बुडते.

या कष्टाचं फळ किती टिकतं? टोरांटोत १९५८ ते १९६५ दरम्यान दीड ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या या शस्त्रक्रियांचा पंचेचाळीस वर्षांचा ताळेबंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृत्रिम सांधा न बसवता स्वतःचाच खुबा टिकण्याचं प्रमाण तीस वर्षांनी ९९ टक्के होतं, चाळीस वर्षांनी ८६ आणि पंचेचाळीस वर्षांनी ५४ टक्के. पहिली तीस वर्षं जवळपास निर्धोक गेली आणि चाळिशीनंतर उतरण लागली. म्हणजे या ऑपरेशनने सांधा कायमचा बरा होतो असं नाही, पण तारुण्य आणि कमावती वर्षं हाती लागतात. निंदण, कापूस वेचणं, डोक्यावर भारा, कडेवर लेकरू, हे सगळं त्याच वर्षांत करायचं असतं.

उशिरा झालेल्या ऑपरेशनचं खातं वेगळं. गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडणं, पाय आखूड राहणं, चालताना कंबर एका बाजूला लचकणं आणि विशी-तिशीतच दुखणं सुरू होणं. अशा तरुण खुब्यासाठी स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये राइनहोल्ड गान्झ यांनी १९८४ पासून वाटी पूर्ण सोडवून फिरवण्याची पद्धत आणली. पण सांध्यातलं गुळगुळीत अस्तर, म्हणजे कूर्चा, झिजायच्या आत गेलं तरच तिचा उपयोग.

चेपलेला गोळा

पर्थीस बहुधा चार ते आठ वर्षांच्या मुलग्यांना गाठतो. १९१० मध्ये बोस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थीस यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. तोवर अशी लंगडी मुलं खुब्याच्या क्षयाची समजली जात. भारतात याचा सर्वात कसून अभ्यास मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी केला. आपल्याकडची मुलं पाश्चात्त्य मुलांपेक्षा मोठ्या वयात आजारी पडतात, हे त्यातलं महत्त्वाचं निरीक्षण, कारण वय जास्त तितका गोळ्याला पुन्हा गोल व्हायला वेळ कमी. म्हणून गोळा मऊ आहे तोवरच मांडीचं हाड कापून त्याचा कल बदलतात आणि गोळ्याला वाटीच्या साच्यात धरून ठेवतात. अमेरिकेतल्या जॉन हेरिंग यांच्या २००४ च्या अभ्यासात आठ वर्षांपुढच्या, मध्यम नुकसान झालेल्या मुलांना शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा दिसला. लहान वयातली, हलक्या दुखण्याची मुलं ऑपरेशनविनाही बरी राहिली.

विदर्भाचं आपलं दुखणं

विदर्भात चेपलेला खुबा दिसला की आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: सिकलसेल आहे का? नागपूरच्या रुग्णांमधल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच झाली होती. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या बुजवतात आणि गोळ्याचं हाड उपाशी मरतं. एक्स-रेवर चित्र पर्थीससारखंच दिसतं, पण वाट निराळी असते. भूल देताना ऑक्सिजन, पाणी, रक्त यांची तयारी नसेल तर ऑपरेशनच संकट ओढवतं. दुसरा खुबाही अनेकदा बिघडतो. कृत्रिम सांधा बसवला तरी जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त. म्हणून विदर्भात लंगडणाऱ्या मुलाच्या एक्स-रेसोबत सिकलसेलची साधी रक्ततपासणी व्हायलाच हवी.

नोंद कुठे आहे?

सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात १९८९ पासून वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड केस पुढे सावंगी मेघे, सेवाग्राम किंवा नागपूरला जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली आणि त्याच्या तपासणीच्या यादीत खुब्याचा हा जन्मदोष आहे. आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा बाळाच्या घरी जाते. खुबा हलवून पाहणं शिकलेल्या हाताचं काम, पण लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडते का, घड्या सारख्या आहेत का, गुडघे एका पातळीत येतात का, एवढं ती आणि आई दोघी बघू शकतात. झरी जामणी तालुक्यातल्या पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, बाळासाठी एवढं बघणंही मोठं.

पण शोध लागला, ऑपरेशन झालं, मूल धावू लागलं, की दवाखान्याची वाट बंद होते. दुखत नाही तर कशाला जायचं? मूल वाढतं तसा सांधाही बदलत असतो, म्हणून वाढ थांबेपर्यंत ठरल्या वेळी एक्स-रे लागतो. थोडा आखूड पाय आज कळला तर चपलेच्या तळव्याने भागतं. मुलीच्या बाबतीत तर ऑपरेशनचे कागद लग्नाच्या बोलणीआधी मुद्दाम नाहीसे केले जातात. एक्स-रेचं पाकीट आढ्याला अडकवलेलं असतं आणि दोन पावसाळ्यांत फिल्म एकमेकांना चिकटते.

चाळिशीत पुन्हा दुखायला लागलं की डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं: कोणती बाजू, कोणतं वर्ष, कोणतं हाड कापलं, ते जोडायला लावलेली धातूची पट्टी आत आहे की काढली. कृत्रिम सांधा बसवताना जुनी पट्टी अचानक समोर आली तर तासाभराचं काम लांबतं. आणि तो सांधा बसल्यावरही उकिडवं बसायला बहुतेकांना मनाई असते, म्हणजे निंदण सुटलंच. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि प्रत्येक एक्स-रेचा खिडकीच्या उजेडात काढलेला मोबाइल फोटो, एवढं तरी घरोघर जपलं जावं.

वावर घेताना खरेदीदार तीस वर्षांचे उतारे आणि फेरफार काढून बघतो. खुबा तपासणारा डॉक्टरही तेच मागतो, पण त्याच्यासाठी तलाठी नसतो.