सापळा लावायचा, तर राखायलाही हवा

टोमॅटोच्या शेतात झेंडूच्या ओळी दिसल्या की वाटतं, शेतकऱ्याने दसरा-दिवाळीच्या बाजाराची सोय केली आहे. सोय होतेही, पण त्या ओळींचं मूळ काम वेगळं. टोमॅटो पोखरणाऱ्या घाटे अळीच्या मादी पतंगाला झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालायला अधिक आवडतं. तिची ही आवड हेरून तिच्यापुढे मांडलेलं पीक म्हणजे सापळा पीक.

या युक्तीला शास्त्रीय बैठक दिली ती बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञांनी. के. श्रीनिवासन व सहकाऱ्यांचे कोबीतील मोहरीवरचे निष्कर्ष 1991 मध्ये आणि टोमॅटोतील झेंडूवरचे 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ, असं त्यांचं गणित. उंच वाढणाऱ्या आफ्रिकन झेंडूचं 45 दिवसांचं रोप आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं रोप एकाच वेळी लावायचं. वयातला हा फरक फार मोलाचा, कारण दोन्ही पिकं एकाच सुमारास फुलायला हवीत. झेंडू उशिरा फुलला, तर मादी टोमॅटोवर अंडी घालून मोकळी होते. मग अळी फळात तोंड खुपसून बसते, बाकीचं अंग बाहेर. आणि ते फळ वाया जातं.

कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग घाटे अळीहून चिवट. डीडीटीला तो दाद देत नाही, हे 1953 मध्येच जावा बेटावर नोंदलं गेलं. बीटी या जैविक कीटकनाशकालाही तो सरावल्याचं 1990 मध्ये हवाईतल्या शेतांतून समोर आलं. त्याची अळी पानाचा हिरवा गर खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तेवढा ठेवते. बोट लावलं की ती वळवळत मागे सरकते नि धाग्याला लोंबकळते. निव्वळ औषधांवर विसंबून ही कीड आटोक्यात राहत नाही, म्हणून मोहरी. कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी: पहिली लागवडीच्या 15 दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. पहिली जरड होईपर्यंत दुसरी कोवळी उभी राहते. मोहरीच्या झणझणीत वासामागची द्रव्यंच या पतंगाला बोलावून घेतात. शिवाय मावाही तिच्यावर जमतो.

इथवर सगळं सोपं. घोडं अडतं ते पुढे. मोहरीवर जमलेली कीड तिथेच मारायला हवी. झेंडूच्या किडक्या कळ्या खुडून नष्ट करायला हव्यात. सणाला भाव मिळेल म्हणून अळी पडलेली फुलं झाडावर राखली, तर सापळ्याचं पाळणाघर होतं आणि तिथली पुढची पिढी टोमॅटोवर उतरते.

मर्यादाही ओळखाव्यात. 2014 मध्ये पुणे परिसरात आढळलेली टुटा ही नागअळी मुख्यतः टोमॅटोच्या कुळातल्या झाडांवर जगते. तिला झेंडूचं आकर्षण नाही. पांढरी माशीही या ओळींनी थांबत नाही. तिथे कामगंध सापळे, चिकट सापळे, मित्रकीटक असे इतर उपाय जोडीला घ्यावेच लागतात.

तेव्हा झेंडू लावणार असाल, तर रोपवाटिकेत तो टोमॅटोच्या 20 दिवस आधी टाका आणि आठवड्यातून दोनदा त्या ओळीतून फेरी मारा. फुलांचे पैसे झाले तर तो वरकड फायदा समजा. ती ओळ मुळात टोमॅटो वाचवण्यासाठी आहे.