कयाकिंगची सुरुवात: सुरक्षेचं कोणतं साहित्य आधी घ्यावं?

हुबळी-धारवाडकरांसाठी कयाकिंगचं जवळचं ठिकाण म्हणजे काळी नदीवरचं दांडेली-गणेशगुडी. सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की इथला प्रवाह वाढतो. म्हणून वल्हं-होडीआधी सुरक्षेचं साहित्य जमवावं, तेही या क्रमानं:

१. लाइफ जॅकेट: पहिला खर्च यावरच. प्रौढांसाठी साधारण ५० न्यूटन उत्प्लावकतेचं, छातीच्या मापाचं घ्यावं. पट्टे आवळून खांद्याकडून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकलं, तर माप चुकलं.

२. शिट्टी: जॅकेटलाच बांधलेली, आत गोळी नसलेली, ती भिजली तरी वाजते.

३. हेल्मेट: खडकाळ, वेगवान पाण्यात अत्यावश्यक. ते पाण्यातल्या खेळांसाठीचंच हवं. दुचाकीचं चालत नाही.

४. पादत्राणं: घट्ट बसणारी, न घसरणाऱ्या तळव्याची. चपला वाहून जातात.

५. थ्रो बॅग: १५ ते २० मीटर तरंगता दोर असलेली पिशवी. किनाऱ्यावरून फेकण्याचा सराव आधी करावा.

६. ड्राय बॅग: मोबाइल, प्रथमोपचार आणि कोरडे कपडे यांसाठी.

जुनं जॅकेट घेताना शिवण, बकल आणि आतला फोम तपासावा. सुरुवातीला प्रशिक्षकासोबत, संथ पाण्यातच उतरावं. काळी नदीत मगरी आहेत. त्यामुळे कुठं उतरायचं हे स्थानिक जाणकारांनाच विचारावं.