आर्मी हॉस्पिटल कोअर

आर्मी हॉस्पिटल कोअर हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ब्रिटिश सैन्याचे रुग्णसेवक दल होते. त्याची स्थापना १८५७ मध्ये झाली. दलातील साध्या शिपायांना ऑर्डर्ली म्हणत. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले, त्यामुळे अशा माणसाचा शोध घेताना अनेकदा त्याच्या पदकापासूनच सुरुवात करावी लागते.

पार्श्वभूमी

पूर्वी आजारी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी पलटणीतूनच माणसे पाठवली जात. धडधाकट शिपाई सोडण्यास अधिकारी नाखूश असत, म्हणून बरेचदा नुकतेच आजारातून उठलेले सैनिक या कामी येत. क्रिमियन युद्धात या व्यवस्थेचे दोष उघड झाले. १८५५ मध्ये मेडिकल स्टाफ कोअर उभारण्यात आले व दोन वर्षांनी त्याची जागा या दलाने घेतली. १८९८ मध्ये वैद्यकीय अधिकारी व शिपाई रॉयल आर्मी मेडिकल कोअरमध्ये एकत्र आले.

काम

रुग्णांना भरवणे, मलमूत्राची भांडी धुणे, मलमपट्टीस मदत करणे, रात्रपाळी करणे आणि मोहिमेवर जखमींना वाहून आणणे, असा ऑर्डर्लीचा दिनक्रम असे. आंत्रज्वराच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनाही तो आजार जडे.

पदके

मोहीमपदक मिळण्यासाठी शौर्य नव्हे, उपस्थिती पुरेशी होती. रौप्यपदकाच्या कडेवर सामान्यतः क्रमांक, हुद्दा, नाव व दल कोरलेले असे. १८८२ च्या इजिप्त मोहिमेनंतर खेदिवाने दिलेल्या कांस्य ताऱ्यावर मात्र नाव नसे. दीर्घ सेवा व सद्वर्तन पदकासाठी १८७० पासून १८ वर्षांची निष्कलंक नोकरी लागे.

शौर्यासाठी साध्या शिपायांना १८५४ पासून डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल मिळू शके. २२–२३ जानेवारी १८७९ रोजी झुलू सैन्याविरुद्ध रॉर्क्स ड्रिफ्ट येथील ठाण्याचा बचाव झाला. तेथील शल्यचिकित्सक जेम्स हेन्री रेनॉल्ड्स यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. याच लढाईसाठी आर्मी हॉस्पिटल कोअरचा शिपाई मायकेल मॅकमॅहन याला डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल मंजूर झाले, पण चोरी व गैरहजेरीमुळे ते १८८० मध्ये रद्द करण्यात आले. त्या रात्रीची कामगिरी मात्र कोणी नाकारली नव्हती.

हिंदुस्थानातील मोहिमांत जखमींना उचलून नेण्याचे काम मुख्यतः स्थानिक डोलीवाहक करीत. १८८५ मध्ये सुरू झालेल्या ब्रह्मदेश मोहिमेपासून अशा अनुचरांनाही सैनिकांचेच मोहीमपदक देण्यात आले, परंतु ते चांदीऐवजी कांस्याचे असे.