घास अडतो तेव्हा

आपण गिळलेला घास अन्ननलिकेतून जठरात उतरतो. तिच्या तळाचा वर्तुळाकार स्नायू घास येताच सैल होतो. ‘अकॅलेशिया’ या विकारात तो सैलच होत नाही. पाण्याचा घोटही अडतो आणि रोगी खंगत जातो. १९१३ साली जर्मनीतील अर्न्स्ट हेलर यांनी हा स्नायू उभा छेदून वाट मोकळी केली; पण त्यासाठी मोठी चीर घ्यावी लागे. १९९१च्या सुमारास हाच छेद पोटावरील चार-पाच लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने घेता येऊ लागला. जखम लहान, म्हणून वेदना कमी. खरी कसोटी मात्र आतच असते: स्नायू कापायचा, पण त्याखालचे नाजूक अस्तर फाटू द्यायचे नाही. २००८मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून हे साधले. सैल स्नायूमुळे जठरातील आम्ल वर येण्याचा त्रास तेवढा मागे उरू शकतो.